‘दऱ्या’ सापडत नाहीत, हेच पहिलं काम

पत्र (थोडं कमी करून)

ताई, नमस्कार. मी राहायला कळव्याला, नोकरीला ऐरोलीला. सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या इथल्या अभ्यासिकेत दर शनिवारी संध्याकाळी आठ मुलामुलींना घेऊन बसतो. काही डिप्लोमाची, काही बी.एस्सी. आयटीची. आठ जणांत तीन लॅपटॉप, त्यातला एक ४ जीबी रॅमचा. त्यांना गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवलं आणि ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा, प्रकल्पांना काहीतरी हातभार लावायचा असं ठरवलं. ‘गुड फर्स्ट इश्यू’ची, म्हणजे नवख्यांना जमतील अशा कामांवरची, लेबलं शोधण्यात दोन महिने गेले. जो इश्यू (दोषाची किंवा कामाची नोंद) उघडावा त्याच्याखाली आधीच पाच-सहा जणांनी ‘हे मला द्या’ असं लिहिलेलं. शेवटी मीच म्हणालो, निदान रीडमीतलं, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीतलं, शुद्धलेखन सुधारून पाठवा. आठही जणांनी पाठवलं. सहा पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘आमचा बदल घ्या’ अशा विनंत्या, काही न बोलता बंद झाल्या, दोन तशाच पडून आहेत.

त्यांच्यातली एक मुलगी सगळ्यांत चौकस. ती एकदा म्हणाली होती, “सर, मोबाइलवरच्या ई-पुस्तकाच्या ॲपमध्ये ‘दऱ्या’ शोधलं तर सापडत नाही. समोर पानावर दिसतंय तरी.” ॲप ओपन सोर्सच आहे. मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी तुझा इश्यू शोध. तिची पुल रिक्वेस्ट बंद झाल्यापासून ती दोन शनिवार आलेली नाही. एका मुलाचे वडील रिक्षा चालवतात. ते स्टँडवर भेटले की विचारतात, यातून पोराला नोकरी लागेल का? नवख्यांना पहिलं काम शोधून द्यायचं तरी कसं? मी कुठे चुकतोय?

– कळव्याचा एक वाचक

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी त्या मुलीच्या वाक्यापाशी थांबले. पहिलं काम सापडत नाही असं तुम्ही लिहिता, आणि ते त्याच पत्रात सापडलेलं आहे. तिने ते तुमच्यासमोर आणून ठेवलं होतं. तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणालात, कारण त्याच्यावर लेबल नव्हतं.

आता आधी तेच बघू.

‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, त्याला हलन्त, मग ‘य’. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी ‘J’ची कळ दाबली की हे अक्षर येतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याचा क्रमांक ०९३१. दुसऱ्या तऱ्हेत आपला नेहमीचा ‘र’, म्हणजे ०९३०, त्याला हलन्त, त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचं एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ‘य’. पडद्यावर दोन्हींचं रूप एकच, तोच कोयरीसारखा वळलेला अर्धा र. आपल्या डोळ्यांना फरक कळायचं काही कारण नाही. ॲप मात्र क्रमांकाशी क्रमांक ताडून पाहतं. पुस्तक एका तऱ्हेने टाइप झालं असेल आणि तिचा कळफलक दुसऱ्या तऱ्हेचा असेल, तर समोर दिसणारा शब्दही ॲपच्या लेखी तिथे नसतो.

तिला झालेला त्रास याचाच आहे का, हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. पानावरचा ‘दऱ्या’ निवडून कॉपी करायचा आणि शोधाच्या चौकटीत पेस्ट करायचा. असा शोधल्यावर सापडला आणि हाताने टाइप केल्यावर सापडला नाही, तर कारण जवळपास हेच. खात्रीसाठी दोन्ही शब्द पायथॉनमध्ये देऊन एकेका अक्षराचा क्रमांक छापून घ्या. आठही मुलांना हे एकत्र दाखवा. एकसारखे दिसणारे दोन शब्द आणि त्यांच्याखाली क्रमांकांच्या दोन वेगळ्या रांगा. संगणकात अक्षर म्हणजे काय हे कळायला मला तरी याहून चांगला धडा माहीत नाही.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हा दोष मराठी न येणाऱ्या, पण हुशार प्रोग्रामरच्या हाती गेला तर तो काय करेल? न दिसणारं चिन्ह अडचण करतंय, मग शोधण्याआधी ते गाळून टाकू, असं म्हणेल. त्याच्या दृष्टीने हे अगदी बरोबर. पण ते चिन्ह गाळलं की उरतं र, हलन्त, य. म्हणजे ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. आचाऱ्याला हाक मारावी आणि आचार्य उठून यावेत, तसं. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) चालवूनही या दोन तऱ्हा एक होत नाहीत. बरोबर उपाय असा की ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ ही तिकडी दिसली की तिच्या जागी ‘ऱ, हलन्त’ धरायचं, पुस्तकातही आणि शोधशब्दातही, आणि मग ताडून पाहायचं. साधा रफार जिथे आहे तिथे त्याला हात लावायचा नाही.

हे त्या प्रकल्पाला कोण सांगणार? सांभाळणारी माणसं जगाच्या दुसऱ्या टोकाला असतील आणि उत्तम प्रोग्रामर असतील, पण दऱ्या आणि दर्या यांतला फरक त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. तो कळव्याच्या त्या मुलीला ठाऊक आहे. नवखं माणूस रिकाम्या हाताने येतं असं आपण धरून चालतो, तिथेच आपली पहिली चूक होते.

तर तिच्याकडून आधी नीट नोंद करून घ्या. प्रकल्पाच्या इश्यूंच्या यादीत हीच तक्रार कुणी आधी केली आहे का, ते शोधायचं. ‘देवनागरी’, ‘मराठी’, ‘हिंदी’, ‘सर्च’ असे शब्द इंग्रजीतून टाकून पाहायचे. नसेल तर नवीन इश्यू. त्यात काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, ॲपची आवृत्ती कुठली, फोन कुठला, हे यावं. सोबत अख्खं पुस्तक जोडू नये. दोन ओळींची फाइल बनवावी, एका ओळीत एका तऱ्हेचा ‘दऱ्या’, दुसरीत दुसऱ्या. ती उघडून कुणालाही अर्ध्या मिनिटात दोष स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. आणि शेवटी एक ओळ: चिन्ह नुसतं गाळलं तर शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून असं करावं. इंग्रजीची भीती वाटत असेल तर तिला सांगा, पाच-सहा शब्दांची वाक्यं लिही. दोषाच्या नोंदीत छोटी वाक्यंच चांगली वाचली जातात.

नोंद झाली की ‘यावर मी काम करू का?’ असं विचारायचं आणि उत्तराची वाट पाहत कोड वाचायला घ्यायचं. अनोळखी कोडमध्ये शिरायची माझी आवडती वाट अगदी साधी आहे. पडद्यावर जे शब्द दिसतात तेच कोडमध्ये शोधायचे. ‘सापडलं नाही’ असा जो संदेश ॲप दाखवतं, त्याचे इंग्रजी शब्द ग्रेप या फाइलींत शब्द शोधणाऱ्या कमांडने शोधा. तो संदेश एका फाइलमध्ये मिळेल, तिथे त्याचं टोपणनाव असेल. मग ते टोपणनाव कुठे कुठे वापरलंय ते शोधा. तीन-चार उड्यांत तुम्ही बहुतेक त्या फंक्शनपाशी येऊन पोहोचता. हजारो फाइलींचा प्रकल्प त्या संध्याकाळपुरता चार फाइलींचा होतो. मग आधी एक चाचणी, म्हणजे ॲप बरोबर वागतं का ते तपासणारा छोटा कोड, लिहायची, जी आज नापास होते. नुसती तेवढी नापास होणारी चाचणी पाठवली तरी ते खरं काम असतं. दुरुस्ती त्यानंतर.

आता त्या रीडमीच्या पुल रिक्वेस्टबद्दल. त्या बंद झाल्या यात मुलांचा कमीपणा नाही आणि समोरच्यांचा उर्मटपणाही बहुधा नाही. हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरातला उपक्रम २०१४ साली सुरू झाला. ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये रीडमीत एखादा शब्द घुसडलेल्या निरर्थक पुल रिक्वेस्टचा असा लोंढा आला की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला. जे प्रकल्प स्वतःहून नाव देतील तेवढेच सहभागी, असं ठरलं. त्यानंतर रीडमीतला किरकोळ बदल दिसला की सांभाळणाऱ्यांचा हात आपोआप ‘बंद करा’कडे जातो. यातले बहुतेक जण नोकरी आणि घर सांभाळून रात्री हे काम करतात. तुमच्या मुलांनी खरंच चूक सुधारली असेल, पण दुरून ती पुल रिक्वेस्ट त्या लोंढ्यातलीच दिसली. हे मुलांना स्पष्ट सांगा. काही न बोलता दार बंद झालं की अठरा-एकोणीस वर्षांचं पोर त्याचा अर्थ ‘मला जमत नाही’ असाच लावतं.

याच कारणाने एक कडक नियम घालून द्या: एआयकडून लिहून घेतलेलं, पण स्वतःला समजावून सांगता येत नाही असं काहीही पाठवायचं नाही. कर्लसारख्या जुन्या, मातब्बर प्रकल्पाच्या प्रमुखांनी अशा यंत्रलिखित खोट्या दोष-नोंदींबद्दल जाहीर तक्रार केली आहे. विचारून शिकायला हरकत नाही. पण तुमच्यासमोर प्रत्येक ओळ का बदलली हे मराठीत सांगता आलं, तरच ती पुढे जाईल.

लेबलं वाईट नाहीत. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ‘गुड फर्स्ट इश्यू’, लिब्रेऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ईझी हॅक’, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलात ‘गुड फर्स्ट बग’, हे सगळं प्रेमाने केलेलं काम आहे. अडचण अशी की त्या पाटीखाली जगभरातले हजारो नवखे एकाच वेळी उभे आहेत, सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या पुलावर असतात तसे. आणि पाटीवरून एवढंच कळतं की हे काम सोपं आहे. ते आपल्या मुलाला का करावंसं वाटेल, हे पाटी सांगू शकत नाही. ज्या सॉफ्टवेअरने त्याला स्वतःला अडवलं, त्याच्या दुरुस्तीसाठी तो तीन शनिवार बसेल. अनोळखी प्रकल्पातल्या बटणाचा रंग बदलायला कशाला बसेल?

उरलेल्या सात जणांसाठी सात वेगळे प्रकल्प शोधू नका. एकच घ्या, फार तर दोन, आणि तीन महिने तिथेच राहा. एका मुलाने घातलेली वाट दुसऱ्याच्या उपयोगी पडते, आणि सांभाळणाऱ्यांनाही नावं ओळखीची होतात. तोंडओळख झालेल्या माणसाला कुठेही लवकर उत्तर मिळतं.

प्रकल्प निवडताना गिटहबवरच्या ताऱ्यांची, म्हणजे लोकांच्या पसंतीच्या खुणांची, संख्या बघू नका. बंद झालेल्या शेवटच्या दहा-पंधरा पुल रिक्वेस्ट उघडून वाचा. बाहेरच्या माणसांच्या किती घेतल्या गेल्या? पहिलं उत्तर किती दिवसांत आलं? ज्याची नाकारली त्याला कारण सांगितलं का, आणि कुठल्या शब्दांत? अर्ध्या तासात त्या घरातली माणसं कशी आहेत ते कळतं. हे वाचन मुलांनाच करू द्या. कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल असेल तर तीही त्यांनीच वाचायची, तुम्ही सारांश सांगायचा नाही. आणि तुमचा तो ४ जीबीचा लॅपटॉप लक्षात ठेवा. लिब्रेऑफिस मुळापासून बांधायला, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करायला, घेतलं तर तो बिचारा दमून जाईल आणि मुलंही. फायरफॉक्समध्ये यावर सोय आहे: फक्त दर्शनी भाग बदलायचा असेल तर आधीच बांधलेले जड भाग उतरवून घेता येतात, त्याला आर्टिफॅक्ट बिल्ड म्हणतात. तरीही या यंत्रांवर छोटे पायथॉन किंवा जावास्क्रिप्टचे प्रकल्प बरे.

आणि कोड हाच हातभार असं नाही. लिब्रेऑफिसच्या बगझिलात, म्हणजे दोषांच्या नोंदवहीत, ‘अनकन्फर्म्ड’ शिक्क्याच्या नोंदी असतात. कुणीतरी तक्रार केली, पण ती खरी आहे का हे दुसऱ्या कुणी अजून करून पाहिलेलं नाही. अशी एक नोंद घ्यायची, दिलेल्या पायऱ्या जशाच्या तशा करायच्या, आणि ‘माझ्याकडे अमुक आवृत्तीत असंच होतं’ किंवा ‘होत नाही’ एवढं लिहायचं. बांधणी नको, मोठं यंत्र नको. पण दोष नेमका पकडायची सवय इथेच लागते, आणि ती लागली की कोड वाचणं निम्मं सोपं होतं.

दोन-तीन जणांना घेऊन एक रविवार चालायलाही जा. ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांनी मिळून बनवलेला नकाशा २००४ पासून चालू आहे. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं मोफत ॲप फोनवर घ्या. तुम्ही जिथे उभे आहात तिथले साधे प्रश्न ते विचारतं: या रस्त्याचं नाव काय, ही वाट कशाची बनलेली, हे दुकान अजून आहे का. खारेगावापासून कळवा नाक्यापर्यंत चालत उत्तरं देत गेलात तर संध्याकाळपर्यंत मुलांच्या नावावर पहिली नोंद होते. अट एकच, समोर दिसतं तेच भरायचं. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून काही उतरवायचं नाही, त्यावर त्यांचा हक्क असतो.

भाषांतराबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण ‘मराठी येतं ना, मग भाषांतर करा’ हा सल्ला सगळे देतात. माझी स्वतःची सुरुवात तिथूनच झाली. एका प्रकल्पाच्या मराठी भाषांतरात ‘सेव्ह’साठी ‘जतन करा’ होतं. मला ‘साठवा’ आवडायचं. नौपाड्यातल्या घरी दोन रात्री जागून मी सगळीकडे ‘साठवा’ केलं आणि पाठवलं. ते सगळं परत फिरवण्यात आलं. ओरडलं कुणी नाही, पण माझ्या दोन रात्री गेल्या. त्या गटाची ठरलेली शब्दसूची होती आणि ती पाहायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांतल्या एकीने मला ती सूची पाठवली आणि लिहिलं, पुढच्या वेळी एक शब्द बदलायचा असेल तर आधी एक प्रश्न विचार. मी विचारला. त्यावर चर्चा झाली, माझं म्हणणं मान्य झालं नाही. पण त्या चर्चेमुळे मी त्या गटात राहिले, बरीच वर्षं. म्हणून भाषांतर करायचं तर फायरफॉक्स, वर्डप्रेस, लिब्रेऑफिस, कुठेही करा. आधी शब्दसूची वाचा, आधीच्या माणसांनी काय ठरवलंय ते पाहा, आणि पहिल्या दिवशी दहाच वाक्यं पाठवा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. तुम्ही स्वतः कधी एखाद्या प्रकल्पाला काही पाठवलं आहे का? दहा वर्षं नोकरीत गेली तरी अनेकांनी पाठवलेलं नसतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नसेल तर मुलांच्या आधी, त्यांच्यासमोर तुम्ही एक पाठवा. तुम्हाला अडखळताना, गिटमधली चुकीची शाखा (बदलांची वेगळी वाट) ढकलताना, समोरच्याने सुचवलेला बदल मुकाट्याने करताना त्यांनी पाहिलं पाहिजे. सरांचंही परत येतं, सर पुन्हा बसतात, हे एकदा दिसलं की सहा बंद पुल रिक्वेस्टचं ओझं निम्मं उतरेल. आणि मुलांची वेळ आली की कीबोर्डला हात लावू नका. शेजारी बसा.

गिटची किंवा लिनक्सची उजळणी करायची असेल तर आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल्स आहेत, बरीच मराठीतही आहेत, फुकट आहेत. पवई काही लांब नाही, पण जायचीही गरज नाही.

रिक्षावाल्या काकांना काय सांगायचं? खरं सांगा. याचं प्रमाणपत्र मिळत नाही आणि नोकरीची हमी नाही. पण त्यांच्या मुलाने केलेलं काम त्याच्या नावाने, तारखेसकट, कुणालाही उघडून पाहता येतं, आणि मुलाखतीत ‘हे तू का केलंस’ असं विचारलं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं खरं काहीतरी असतं. गुगल समर ऑफ कोडसारखे मानधन देणारे उपक्रमही आहेत, २००५ पासून. आता ते फक्त विद्यार्थ्यांपुरतेही नाहीत, अठरा पूर्ण झालेला नवखा अर्ज करू शकतो. तिथे अर्जाच्या आधी त्या प्रकल्पात केलेलं काम जमेला धरलं जातं. पण त्याचं आमिष आत्ता दाखवू नका. वर्षभर एकाच प्रकल्पात टिकला तर तो दरवाजा त्याला आपोआप दिसेल. काकांना एकदा शनिवारी अभ्यासिकेत बोलवा. मुलगा काय करतो ते त्याच्याच तोंडून ऐकू द्या.

आता ती मुलगी. ग्रुपवर मेसेज टाकून तिला बोलवू नका, फोन करा. ‘का येत नाहीस’ विचारू नका. ‘तुझ्या दऱ्या का सापडत नाहीत ते बहुतेक कळलंय, पण तपासायला तूच हवीस, कारण पुस्तक तुझ्या फोनमध्ये आहे’ असं सांगा. हे शब्दशः खरं आहे. आणि ‘नंतर बघू’ म्हणालो ते चुकलं, हेही सांगा. मोठ्या माणसाने असं म्हटलेलं मुलांच्या फार लक्षात राहतं.

येत्या शनिवारी दुसरं काही घेऊ नका. एक लॅपटॉप, तिचा फोन, आणि आधी सांगितलेली कॉपी-पेस्टची चाचणी. नोंद तिच्याच खात्यावरून जाऊ दे. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर तिनेच सौम्य शब्दांत एक आठवण करायची, एकच. तिचा मसुदा तयार झाला की पाठवण्याआधी मला वाचायला नक्की द्या. बदल मी करणार नाही, पण तो वाचायची मला फार इच्छा आहे.